"हिंदी-इंग्रजी फक्त ऑन करायचंय": तीन भाषांच्या एका साईटचं प्रकरण

फोनवरचं वाक्य असं होतं, "दादा, साईट मराठीत आहेच, आता हिंदी आणि इंग्रजी फक्त ऑन करायचंय." आणि मी पण खुळ्यासारखा "तीन दिवस द्या ताई" म्हणून बसलो. लागले सात आठवडे, त्यातला जेमतेम एक आठवडा नवीन काही बांधण्यात गेला, बाकी सगळा वेळ पहिल्या दिवशी कुणीतरी न वाचता दाबलेल्या एका बटणाचं निस्तरण्यात. तेच सगळं इथे लिहितोय, माझ्या चुकांसकट.

साईट प्रथमोपचाराची. स्वयंसेवकांची एक संस्था चालवते, फोनवरच्या ताई तिथल्याच. भाजलं तर काय करायचं, घशात काही अडकलं तर काय, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, अशी पावणेचारशेच्या आसपास पानं, प्रत्येक पानाला एक पोस्टर आणि खाली छापायला पीडीएफ. ड्रुपल १० वर होती. ड्रुपल म्हणजे सीएमएस, साईटचा मजकूर सांभाळणारी सिस्टीम. आधी दोघांनी हात मारलेला, मी तिसरा.

ड्रुपलमध्ये अनेक भाषांचं काम तसं चांगलं आहे, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल मी सिस्टीमला शिव्या घालतोय. नोव्हेंबर २०१५ मध्ये ड्रुपल ८ आलं तेव्हापासून यासाठी लागणारी चारही मॉड्यूलं, म्हणजे एकेका कामाचे जोडभाग, कोअरमध्येच, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहेत, बाहेरून काही आणावं लागत नाही. वर्डप्रेसच्या कोअरमध्ये एका पोस्टचं भाषांतर ठेवायची सोय नाही, तिथे प्लगइन लागतंच. पण चार मॉड्यूलं आहेत म्हणजे चार वेगळे मामले आहेत, आणि आपण सगळ्याला मिळून "भाषा" म्हणतो, तिथे घोळ होतो.

एक, लँग्वेज मॉड्यूल. कोणत्या भाषा आहेत आणि समोर आलेल्या माणसाला कोणती दाखवायची ते हे ठरवतं. दुसरं इंटरफेस ट्रान्सलेशन, म्हणजे कोडमधली वाक्यं, "सेव्ह करा", "पुढचं पान" वगैरे. तिसरं कंटेंट ट्रान्सलेशन, आपण लिहिलेली पानं. आणि चौथं कॉन्फिगरेशन ट्रान्सलेशन, साईटचं नाव, फील्डची लेबलं, याद्यांची शीर्षकं, आपण सेटिंगमध्ये टाईप केलेलं सगळं. या प्रकरणात ताईंची प्रत्येक तक्रार "भाषा चुकीची येतेय" अशीच यायची आणि माझं पहिलं काम असायचं ते या चारपैकी कुठल्या खणातलं आहे ते शोधणं.

पहिल्या दिवशी भाषांच्या यादीचं पान उघडलं. यादीत एकच भाषा. इंग्रजी.

म्हणजे पावणेचारशे पानं मराठीत, मेनू मराठीत, साईटचं नाव मराठीत, आणि सीएमएसच्या लेखी ही अख्खी साईट इंग्रजी. कसं झालं असेल ते उघड आहे, इन्स्टॉल करताना पहिलाच प्रश्न भाषेचा असतो, तिथे बहुतेक वेळा इंग्रजी आधीच निवडलेलं असतं, माणूस पुढे पुढे दाबत जातो आणि मग मराठीत टाईप करायला लागतो. भाषा एकच असते तेव्हा लेबल चुकीचं असलं तरी कुणाचं काही अडत नाही. पान दिसतं, शोध चालतो, सगळं ठीक. त्यात भर म्हणजे मधल्या काळात कुणीतरी चाळीसेक हिंदी पानं आणि काही इंग्रजी पानंही सुटी सुटी टाकून ठेवली होती, त्यांच्यावरही लेबल तेच.

खरं तर पूर्णपणे कुणाचं अडत नव्हतं असंही नाही. ताईंकडे एक जुनी तक्रार पडून होती, स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या एका वाचकाने लिहिलं होतं की तुमची पानं वाचता येत नाहीत, काही शब्द गाळले जातात आणि काहींची नुसती अक्षरं ऐकू येतात. सगळ्यांना वाटलं त्याच्या मशीनचा प्रॉब्लेम असेल. प्रॉब्लेम आमचा होता. पानाच्या एचटीएमएलमध्ये सगळ्यात वर भाषेचा टॅग असतो, त्यात "ईएन" होतं, आणि स्क्रीन रीडर बिचारा त्या टॅगवर विश्वास ठेवून इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जात होता. पानाची भाषा टॅगमध्ये बरोबर सांगणं ही डब्ल्यूसीएजीमध्ये, म्हणजे साईट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या नियमावलीत, सगळ्यात खालच्या, म्हणजे ए पातळीची अट आहे.

लेबलं बदलण्याचा उद्योग

मी मराठी आणि हिंदी भाषा जोडल्या, मराठी डिफॉल्ट केली आणि वाट बघत बसलो की आता जुनी पानं मराठी होतील. होत नाहीत. डिफॉल्ट भाषा ही नव्या पानांसाठी असते, जुन्या प्रत्येक पानावर त्याच्या जन्माच्या वेळचा शिक्का असतो आणि तो तसाच राहतो. हे बरोबरच आहे म्हणा, उद्या कुणी डिफॉल्ट बदलून बघितलं म्हणून सगळ्या पानांची भाषा बदलली तर हाहाकार होईल.

एकेक पान उघडून भाषा बदलता येते, पण पावणेचारशे वेळा कोण करणार. मग मी तो शहाणपणा केला. डेटाबेसमध्ये शिरलो, पानांच्या मुख्य टेबलांत "ईएन" होतं तिथे "एमआर" केलं, दोन ओळींच्या क्वेरीत काम खल्लास. टेस्ट साईटवरच केलं, एवढीच अक्कल शाबूत होती. पान उघडलं तर शीर्षक आहे आणि खाली काहीच नाही. मजकूर गायब, पोस्टर गायब, पीडीएफ गायब. पाच मिनिटं छातीत धडधड.

गायब काहीच झालं नव्हतं. ड्रुपलमध्ये शीर्षक एका टेबलात असतं आणि मजकुरासारख्या प्रत्येक फील्डचं स्वतःचं वेगळं टेबल असतं, परत जुन्या आवृत्त्यांची टेबलं वेगळी, आणि यातल्या प्रत्येक टेबलात भाषेचा स्वतंत्र रकाना असतो. मी शीर्षकाला मराठी केलं, मजकूर अजून इंग्रजी म्हणून बसलेला. सिस्टीम विचारते मराठी मजकूर द्या, तर मराठी मजकूर नावाची ओळच नाही. ते बॅकअपने परत आणलं आणि मग सरळ मार्गाने गेलो, म्हणजे स्क्रिप्ट लिहिली जी पान ड्रुपलच्याच पद्धतीने लोड करते, भाषा बदलते आणि सेव्ह करते. मग सगळ्या टेबलांची काळजी सिस्टीम घेते, आपण नाक खुपसायचं कारण नाही.

पण स्क्रिप्टला कसं कळणार कुठलं पान मराठी नि कुठलं हिंदी? इंग्रजी ओळखणं सोपं, शीर्षकात देवनागरी अक्षर आहे की नाही एवढं बघायचं. मराठी-हिंदीची लिपी एकच. डोकं खाजवून शेवटी जे केलं ते इतकं गावठी होतं की सांगायला लाज वाटते: मजकुरात "आहे", "आहेत", "नाही" किती वेळा येतं ते मोजलं, "है", "हैं", "नहीं" किती वेळा ते मोजलं, जे जास्त ती भाषा. सहा पानं चुकली, ती सगळी नुसत्या मुद्द्यांच्या याद्या होत्या, "पाणी ओता, कपडा काढू नका" अशा, त्यात क्रियापदांची ही रूपंच नव्हती. ती हाताने केली.

स्क्रिप्ट चालली, पानं उघडली, सगळं दिसतंय, मी खूश. मग वरच्या पट्टीत बघितलं तर प्रत्येक पानाचा सुंदर पत्ता जाऊन "नोड/५७" असलं काहीतरी आलेलं. पत्त्याच्या टोपणनावाला, म्हणजे एलियसला, त्याची स्वतःची भाषा असते. पान मराठी झालं, त्याचा एलियस इंग्रजीच राहिला, त्यामुळे मराठी पानाला तो लागू होईना. ड्रुपल ८.८ पासून एलियस हीसुद्धा पानासारखीच स्वतंत्र एंटिटी, म्हणजे लोड-सेव्ह करता येणारी वस्तू आहे, त्यामुळे त्याच स्क्रिप्टमध्ये तेही बसवता आलं. इथे एक मोह होतो, आपोआप पत्ते बनवणाऱ्या पाथऑटो मॉड्यूलला सांगून सगळे पत्ते नव्याने बनवून घ्यायचा. तो टाळला. जुने पत्ते पोस्टरांवर छापलेले होते.

त्या सुट्या हिंदी पानांचं काम मात्र हातानेच झालं. ती स्वतंत्र पानं होती, मराठी पानाची भाषांतरं नव्हती, म्हणजे सिस्टीमला माहीतच नाही की हे त्याचंच हिंदी आहे. भाषांतर करणाऱ्या मुलीने एकेक उघडून मजकूर मराठी पानाच्या हिंदी टॅबमध्ये नेऊन ठेवला, जुनं पान काढलं, आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर रीडायरेक्ट लावला. चार दिवस गेले.

या सगळ्यानंतर ताईंचा मेसेज, "अक्षर बदललंत का? ल वेगळा दिसतोय, छान दिसतोय." मी फाँटला हातही लावला नव्हता. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा असतो, आणि चांगल्या देवनागरी फाँटमध्ये दोन्ही रूपं भरलेली असतात, कुठलं दाखवायचं ते ब्राउझर पानाच्या भाषेच्या टॅगवरून ठरवतो. टॅग खरा झाला आणि फाँटने आपला मराठी ल बाहेर काढला. सात आठवड्यांत एवढं एकच काम फुकटात झालं.

पत्ते, आणि समोरच्याची भाषा ओळखायची हौस

आता पत्त्यांत भाषा कशी दाखवायची. दोन रस्ते, प्रत्येक भाषेला पत्त्यात उपसर्ग द्यायचा, नाहीतर प्रत्येक भाषेला वेगळं डोमेन. डोमेनचा खर्च आणि कटकट नको होती. मग उपसर्गात परत प्रश्न, मराठीलाही द्यायचा की तिला बिनउपसर्गाची ठेवायची. माझं मत विचाराल तर नव्या साईटला सगळ्या भाषांना उपसर्ग द्यावा, कुणाचे लाड नकोत, पुढे भानगडी कमी होतात. पण इथे छापलेले पत्ते बिनउपसर्गाचे होते म्हणून मराठी मोकळी, हिंदीला "एचआय", इंग्रजीला "ईएन".

पत्त्याचा बाकीचा भाग रोमन लिपीतच ठेवला, तिन्ही भाषांत तोच, छोटा आणि हाताने दिलेला. देवनागरी पत्ते ब्राउझरमध्ये छान दिसतात पण कॉपी करून कुठे पाठवले की त्यांचं काय होतं बघा. एका "म" चं "%ई०%ए४%एई" होतं, एका अक्षराची नऊ चिन्हं. "मराठी" हा शब्द काने-वेलांट्या वेगळ्या मोजून पाच कोडपॉइंटचा, त्याची पंचेचाळीस चिन्हं होतात. आणि आपोआप रोमन करायला सांगितलं तर जोडाक्षरांची अशी वाट लागते की स्वतः लिहिलेलं शीर्षक ओळखू येत नाही.

मग भाषा ओळखण्याच्या पद्धतींचं पान. तिथे यादी असते, पत्त्यावरून, सेशनवरून, सदस्याच्या पसंतीवरून, ब्राउझरवरून, आणि क्रम लावता येतो, वरचीला उत्तर मिळालं तर खालचीला विचारलं जात नाही. मी पत्ता पहिला आणि ब्राउझर दुसरा ठेवला. वाटलं किती सोयीचं, ज्याचा ब्राउझर हिंदी त्याला हिंदी.

दोन दिवसांनी फोन. "दादा, मी मराठी लिंक पाठवली, त्यांना इंग्रजी पान उघडतंय. आणि माझ्याकडे मराठी. आणि आता माझ्याकडे पण इंग्रजी!"

काय होत होतं ते नीट सांगतो, कारण हा घोळ बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो. मराठीला उपसर्ग नाही. त्यामुळे आतल्या एखाद्या मराठी पानाचा पत्ता आला की पत्ता बघणारी पद्धत म्हणते, यात मला भाषा सापडली नाही, पुढच्याला विचारा. पुढचा म्हणजे ब्राउझर. आणि ब्राउझर सांगतो तो वाचकाची भाषा नाही सांगत, फोन घेतला तेव्हा सेटिंगमध्ये जी होती ती सांगतो. आयुष्यभर मराठी वाचणाऱ्या कितीतरी माणसांचा फोन इंग्रजीत असतो. म्हणजे मराठी लिंकवर इंग्रजी पान.

आणि ताईंकडे मधूनच बदललं ते का? ब्राउझरवरून भाषा ठरते तेव्हा ड्रुपल स्वतःहून त्या पानाची कॅश, म्हणजे तयार पान साठवून ठेवणं, बंद करतं आणि बाहेर पण सांगतं की हे साठवू नका, कारण एकाच पत्त्यावर दोघांना वेगळं पान मिळणार असतं. पण साईटच्या पुढे जो सीडीएन, म्हणजे पानांच्या प्रती साठवून वाचकांना देणारी सेवा, होता त्यात आधीच्या माणसाने नियम लावून ठेवलेला, सर्व्हर काय म्हणतो त्याकडे लक्ष देऊ नका, सगळं अर्धा तास साठवा. म्हणजे अर्ध्या तासात पहिला जो येईल त्याच्या फोनची भाषा पुढच्या सगळ्यांच्या बोकांडी. ब्राउझरची टिक काढली, सीडीएनचा तो नियम काढला, आणि वर भाषा बदलायची पट्टी ठळक केली. माणसाला स्वतः निवडू द्या ना, त्याला वाचता येतं.

पोस्टरची अदलाबदल

सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला तो पोस्टरवरून. "अहो दादा, भाजल्याच्या मराठी पानावर हिंदी पोस्टर कसं आलं?" कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. भाषांतर करणाऱ्या मुलीने हिंदी टॅब उघडला, तिथे मराठी पोस्टर दिसलं, तिने ते काढून हिंदी चढवलं, सेव्ह केलं. तिच्या दृष्टीने तिने हिंदी पानात बदल केला होता.

कंटेंट ट्रान्सलेशनमध्ये प्रत्येक फील्डला वेगळं सांगावं लागतं की हे भाषेनुसार बदलतं की सगळ्या भाषांत एकच. चित्राच्या फील्डला तर आत तीन टिका असतात, फाईल, पर्यायी मजकूर आणि शीर्षक. मी चित्राच्या फील्डला टिकच केली नव्हती, म्हणजे पोस्टर तिन्ही भाषांचं सामायिक. फॉर्मवर फील्डच्या नावापुढे "सर्व भाषा" असं बारीक अक्षरात येतं, पण ते काय कुणी वाचतं, मी पण वाचलं नसतं.

टिक केली. आणि लगेच हिंदी-इंग्रजीच्या सगळ्या पानांवरून पोस्टरं गेली! परत धडधड. कारण सामायिक होतं तेव्हा पोस्टर फक्त मूळ भाषेच्या नावावर साठवलेलं असतं, हिंदीच्या नावावर काही नसतंच, ते उसनं दाखवलं जात होतं. भाषेनुसार वेगळं म्हटल्यावर हिंदी आपल्या खणात बघते आणि खण रिकामा. मग एक स्क्रिप्ट, जिथे भाषांतर आहे पण पोस्टर नाही तिथे मराठीचं पोस्टर नेऊन ठेवा. हे सगळं पहिल्या दिवशी प्रत्येक फील्डसमोर बसून "हे बदलेल का?" एवढं विचारलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. तसा कागद नंतर केला. शीर्षक बदलतं, मजकूर बदलतो, पोस्टर बदलतं कारण त्यात अक्षरं आहेत, पीडीएफ बदलते, पण "वैद्यकीय तपासणीची तारीख" बदलत नाही. आणि त्यावर ताई म्हणाल्या, का नाही बदलत, हिंदी भाषांतर डॉक्टरांनी वेगळ्या दिवशी तपासलंय! बरोबर होतं त्यांचं.

त्याच चर्चेतून एक कामाची गोष्ट वापरात आली. मूळ मजकूर बदलला की फॉर्मवर "बाकीची भाषांतरं जुनी झाली" अशी खूण करायची टिक मिळते. प्रथमोपचारात मराठी पान सुधारलं आणि हिंदी जुनंच राहिलं हे परवडणारं नाही. ती खूण असलेल्या पानांची एक यादी भाषांतर करणाऱ्यांच्या पहिल्याच स्क्रीनवर लावली.

याद्यांवरून आठवलं, मुखपृष्ठावर प्रत्येक पान तीन-तीनदा यायला लागलं होतं. ते मात्र पाच मिनिटांत सुटलं, व्ह्यूमध्ये, म्हणजे ड्रुपलमध्ये जिथून यादी बनते तिथे, भाषांतराच्या भाषेचा फिल्टर लावायचा असतो, नाहीतर प्रत्येक भाषांतर ही स्वतंत्र ओळ म्हणून येते.

कोडमध्ये लिहिलेलं मराठी

इंग्रजी पानावर "अधिक वाचा" आणि "फॉर्म पाठवा" दिसतंय, ही तक्रार इंटरफेसच्या खणातली. ड्रुपल गृहीत धरतं की कोडमधलं मूळ वाक्य इंग्रजीत आहे आणि बाकी सगळी त्याची भाषांतरं. आधीच्या माणसाने टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्याच्या कोडमध्ये, थेट मराठी लिहिलेलं, काही ठिकाणी भाषांतराच्या टी फंक्शनमध्ये घालून, पण आत मराठीच. सिस्टीमला वाटतं "फॉर्म पाठवा" हे इंग्रजी आहे. जवळपास ऐंशी वाक्यं शोधून इंग्रजीत लिहिली आणि मराठी-हिंदी त्यांची भाषांतरं म्हणून भरली.

इथे एक वाक्य बघण्यासारखं आहे. शोधाच्या निकालावर "४० पैकी १०" असं यायचं, कोडमध्ये ते तुकडे जोडून केलेलं, आधी एकूण आकडा, मग "पैकी", मग दाखवलेला आकडा. इंग्रजीत क्रम उलटा, "१० ऑफ ४०". नुसता मधला "पैकी" भाषांतर करून काय होणार, "४० ऑफ १०"! अख्खं वाक्य एकच ठेवायचं, आकड्यांच्या जागी खुणा ठेवायच्या, मग भाषांतर करणारा त्या खुणा हव्या तशा मागेपुढे करतो. आणि एकवचन-अनेकवचनाचं वेगळं फंक्शन आहे ते वापरायचं, "१ पानं सापडली" वाचायला बरं नाही वाटत.

इंटरफेसची भाषांतरं तयार पीओ फाईलींमध्ये मिळतात, ती कधीकधी आपल्या साईटच्या सुरात बसत नाहीत, ती आपण बदलतो. तेव्हा सेटिंगमध्ये एक पर्याय नक्की बघा, आयात केलेली भाषांतरंच बदला, हाताने सुधारलेली तशीच राहू द्या, असा. नाहीतर पुढच्या अपडेटला आपली मेहनत पुसली जाते.

पुसली जाण्याचा खरा प्रकार मात्र कॉन्फिगरेशनच्या खणात घडला आणि तो पूर्ण माझा. भाषांतर करणाऱ्या मुलीने चालू साईटवर बसून सगळ्या फील्डची लेबलं आणि ब्लॉकची शीर्षकं हिंदीत केली. दुसऱ्या दिवशी मी माझ्याकडून एक छोटा बदल डिप्लॉय केला, म्हणजे माझ्या मशीनवरून चालू साईटवर चढवला. तिची दोन दिवसांची हिंदी गेली. कारण लेबलांची भाषांतरं ही कंटेंट नसतात, कॉन्फिगरेशन असतात, एक्स्पोर्ट केलं की प्रत्येक भाषेच्या उपफोल्डरमध्ये फाईली म्हणून पडतात, आणि माझ्या फोल्डरमध्ये त्या फाईली नव्हत्या म्हणून इंपोर्टने समजलं की त्या काढायच्या आहेत. आज्ञाधारकपणे काढल्या. मी तिला फोन करून सांगितलं, ती एवढंच म्हणाली, "ठीक आहे दादा, दुसऱ्यांदा लवकर होतं." आता डिप्लॉयच्या आधी चालू साईटवरून एक्स्पोर्ट घेऊन तो मिसळल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही.

नसलेली भाषांतरं

सगळी पावणेचारशे पानं तिन्ही भाषांत होणार नव्हती. हिंदी उपसर्गाने असं पान मागितलं ज्याचं हिंदी नाहीच, तर ड्रुपल मूळ मराठी मजकूर दाखवतं आणि भोवतालचा मेनू हिंदी. वाचकाच्या बाजूने विचार केला तर काहीच नसण्यापेक्षा बरं, मराठी थोडंफार कळेल. पण पानाचा टॅग हिंदी आणि मजकूर मराठी, म्हणजे स्क्रीन रीडरचं तेच जुनं रडगाणं परत. म्हणून टेम्प्लेटमध्ये मजकुराच्या डब्यावर त्याची स्वतःची भाषा लिहिली. शिवाय भाषा बदलायच्या पट्टीवर, भाषांतर असेल तरच ती भाषा दिसेल असं केलं. सर्च इंजिनांसाठी एचरेफलँगच्या ओळी असतात, या पानाची हिंदी आवृत्ती इथे, इंग्रजी तिथे, त्याही खऱ्या भाषांतरांनाच. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर दुसऱ्याने परत पहिल्याकडे दाखवावं लागतं, नाहीतर त्या ओळी धरल्या जात नाहीत.

शोधाची एक तक्रार राहिली होती, "ॲलर्जी" टाकलं की पाचपैकी दोनच पानं येतात. मी तासभर इंडेक्स खणत बसलो. शेवटी अक्षरं तपासली. "ॲ" हे युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलेलं, पण बरेच कीबोर्ड अजून "अ" वर चंद्र ठेवून दोन खुणांचं अक्षर बनवतात. डोळ्याला सारखंच दिसतं आणि मशीनला पूर्ण वेगळं, युनिकोडच्या नॉर्मलायझेशननेही, म्हणजे सारखी अक्षरं एकाच रूपात आणायच्या ठरलेल्या पद्धतीनेही, एक होत नाही. सेव्ह करताना आणि शोधताना दोन्हीकडे एकाचं दुसरं करून टाकणारी चार ओळींची दुरुस्ती लागली. मराठीत साईट करणाऱ्या कुणीही हे आधीच करून ठेवावं.

पासवर्ड बदलायचे मेल इंग्रजीत जायचे ते खात्यातल्या पसंतीच्या भाषेवरून, तिथे सगळ्यांचंच इंग्रजी राहिलेलं. बदललं, संपलं.

साईट सुरू होऊन महिना झाला नसेल, ताईंचा फोन. "दादा, उर्दू पण ऑन करायचंय." यावेळी मी दिवस सांगितले नाहीत. टेस्ट साईटवर उर्दू जोडली, यादीतून निवडली की उजवीकडून डावीकडे हे तिच्याबरोबरच येतं, पान उघडलं तर मेनू आपसूक उलटा झालेला, पण पुढच्या पानाचा बाण अजून उजवीकडेच बघतोय, आणि स्टाईलमध्ये जिथे जिथे "डावीकडून इतकं अंतर" लिहिलं होतं तिथे तिथे मजकूर कडेला चिकटलेला. बाण आणि अंतरं माझ्याकडे लागली. कुशीवर वळवण्याच्या पोस्टरमध्ये चार चित्रं डावीकडून उजवीकडे आहेत, उर्दू वाचणारा ती शेवटून सुरू करेल, म्हणजे माणसाला आधी वळवेल आणि मग श्वास तपासेल. ते पोस्टर उलट क्रमाने काढायला दिलंय, फाईलची टिक आता आहेच.